मुंबईत फिटनेस बँड: तो पाय मोजत नाही, हात मोजतो

मे महिन्यापासून हा बँड माझ्या डाव्या मनगटावर आहे. उकाडा, अख्खा पावसाळा, गणपती, नवरात्र, ऑक्टोबरची तलखी असं सगळं त्याच्यासोबत झालंय. किंमत साडेतीन हजारांच्या आत, स्क्रीन लांबट, स्वतःचा जीपीएस नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक बँडमध्ये आतला मालमसाला सारखाच असतो. हालचाल टिपणारा अ‍ॅक्सेलरोमीटर, खालच्या बाजूला हिरवे दिवे आणि त्यांचा परतणारा उजेड मोजणारा सेन्सर. जे पुढे लिहितेय ते यातल्या कुठल्याही बँडला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

मी गोरेगावहून चर्चगेटला नोकरीला जाते. रोजचा लेडीज डबा, ऑफिसात दिवसभर एसी, संध्याकाळी जमलं तर मरीन ड्राइव्हला चालणं आणि घरी आल्यावर स्वयंपाक. बँडची परीक्षा बघायची तर याच दिनक्रमात बघायला हवी, जिमच्या ट्रेडमिलवर नाही.

सुरुवात पावलांपासून. तोंडाने मोजून पाचशे पावलं चालायची आणि मग बँडवर बघायचं, असं मी वेगवेगळ्या परिस्थितीत केलं. दोन्ही हात मोकळे सोडून फुटपाथवर चाललं तर बँड उत्तम. दहा-पंधरा पावलांचा फरक, त्यापेक्षा जास्त कधीच नाही. डाव्या हातात भाजीची पिशवी घेतली की आकडा घसरला, साधारण साडेतीनशे-चारशेवर आला. पावसात त्याच हातात छत्री धरली, तर कधी कधी निम्मी पावलंसुद्धा मोजली गेली नाहीत. मोबाइल कानाला लावून चाललं तरी तसंच. कारण सरळ आहे. बँडला पाय दिसत नाहीत. चालताना हात जो लयीत पुढे-मागे होतो, त्या झोक्यावरून तो पावलं ओळखतो. हात छातीशी स्थिर धरला की उरतो तो फक्त पाऊल टेकल्याचा हलका हादरा, आणि तो प्रत्येक वेळी पकडला जात नाही.

आता मुंबईत बाईचा हात मोकळा असतो कधी? पर्स, डब्याची पिशवी, छत्री, गाडीत वरची कडी, पुलावर कठडा. जून ते सप्टेंबर माझी पावलं अ‍ॅपच्या आलेखात खाली गेलेली दिसतात. त्या महिन्यांत मी कमी चालले असं मुळीच नाही. उलट रिक्षा मिळत नाही म्हणून स्टेशनपर्यंत चालतच जायचे. हा आलेख बघून कुणी स्वतःला आळशी ठरवू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिलं.

उलट बाजूही आहे. पोळ्या लाटताना पावलं वाढतात. गणपतीत टाळ्या वाजवत पाच आरत्या म्हटल्या की जागेवर उभ्या उभ्या काहीशे पावलं जमा होतात, कारण टाळीची लय चालण्याच्या लयीच्या जवळची असते. पेव्हर ब्लॉकवरून जाणारी रिक्षाही थोडी भर घालते. लोकलच्या हादऱ्यांनी आकडा फुगेल अशी मला खात्री होती, पण तिथे बँडने चांगलं काम केलं. गोरेगाव ते चर्चगेट उभ्याने गेले तरी आकडा फारसा हलला नाही. लागोपाठ काही सारख्या हालचाली झाल्याशिवाय मोजायला सुरुवात करायची नाही, अशी गाळणी अशा बँडमध्ये असते आणि गाडीचे वेडेवाकडे धक्के त्यात गळून पडतात. त्याच गाळणीमुळे ओटा ते फ्रिज, फ्रिज ते टेबल अशी चार-चार पावलांची घरातली येरझारही गळते.

त्यामुळे दहा हजारांचा आकडा गाठण्यासाठी रात्री अकराला हॉलमध्ये फेऱ्या मारणाऱ्या मैत्रिणींना मी मनापासून सांगते, थांबा. हा आकडा डॉक्टरांच्या संशोधनातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट होती, तेव्हा १९६५ साली बाजारात आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावात तो होता आणि तिथून जगभर पसरला. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांचा सुमारे सतरा हजार वयस्क स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं आणि ७,५०० च्या जवळपास फायदा स्थिरावलेला दिसला. मी माझं ध्येय अ‍ॅपमध्ये साडेसात हजारांवर आणून ठेवलंय. माझं वय त्या बायकांपेक्षा बरंच कमी आहे हे मला कळतं, पण पावसाळ्यातली न मोजलेली पावलं धरली तर हा आकडा मला रास्त वाटतो.

अंतराच्या बाबतीत एक गोष्ट विकत घेतानाच समजून घ्या. ज्या बँडला स्वतःचा जीपीएस नाही तो फोनचा वापरतो. फोन घरी ठेवून गेलात तर तो पावलांना तुमच्या पावलाच्या अंदाजी लांबीने गुणतो, आणि ही लांबी बहुधा उंचीवरून काढलेली असते, उंचीच्या साधारण ०.४१ पट. मी प्रियदर्शिनी पार्कच्या ट्रॅकवर जाऊन पाहिलं. सर्वांत आतल्या लेनमधून एक फेरी म्हणजे ४०० मीटर, त्यामुळे पडताळा सोपा. फोन सोबत असताना पाच फेऱ्यांचं अंतर जवळजवळ बरोबर आलं. फोन बाकावर ठेवून रमतगमत चालले तर बँडने अंतर जास्त दाखवलं आणि पळाले तर कमी. पळताना पाऊल लांब पडतं, पण बँड मात्र तीच ठरलेली लांबी धरून चालला होता.

फोनचा जीपीएसही सगळीकडे सारखा नाही. मरीन ड्राइव्हला एका बाजूला उघडा समुद्र, तिथे नकाशावरची रेघ छान सरळ येते. नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींत शिरलं की उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि रेघ रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीतून गेलेली दिसते. आमच्या पळणाऱ्या ग्रुपमध्ये दर जानेवारीत, मुंबई मॅरेथॉन झाली की तक्रार ठरलेली: हाफ मॅरेथॉन २१.०९७ किलोमीटरची, मग घड्याळात २१.४ कसे? आयोजकांनी जास्त पळवलेलं नसतं. अधिकृत मार्ग वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेने मोजतात. शिवाय अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. गर्दीत त्या वाटेने कुणालाच पळता येत नाही, त्यात जीपीएसची थरथर मिसळते.

हृदयाचे ठोके हा या बँडचा सर्वांत चांगला भाग, पण त्यालाही अटी आहेत. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त वाढतं-ओसरतं, तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. ग्रुपमधल्या एका काकांकडून छातीला बांधायचा पट्टा मागून आणला. तो हृदयाचे विद्युत संकेत थेट घेतो, म्हणून तुलनेला योग्य. शांत बसलेलं असताना दोघांत एक-दोन ठोक्यांचा फरक. एका चालीने चालताना तीन-चार. पण दादरच्या पुलाचा जिना भरभर चढून गेले तेव्हा पट्टा लगेच १४० वर पोचला आणि बँड वर आल्यावरही ११० दाखवत राहिला. वीस-तीस सेकंदांनी तो तिथे आला, तोवर माझे ठोके उतरायला लागले होते.

पळताना वेगळाच घोटाळा. पट्टा १४५ म्हणत असताना बँड अचानक १६८ वर गेला आणि तिथेच चिकटला. त्या वेळी माझी मिनिटाला पडणारी पावलंही तेवढीच होती. म्हणजे हाताच्या झोक्याची लय त्याने नाडीची लय समजून घेतली. बँडचा पट्टा एक घर घट्ट केला आणि बँड मनगटाच्या हाडापासून एक बोट वर सरकवला की हे पुष्कळ कमी होतं. लोकलची कडी घट्ट धरून उभं राहिलं तर आकडा उगाच खाली जातो, कारण मूठ आवळली की मनगटापाशी स्नायू ताणले जातात आणि रक्ताचा प्रवाह बदलतो. एसीत बोटं गार पडली असतानाही पहिलं वाचन मी धरत नाही.

बांगड्यांबद्दल कुठल्याच परीक्षणात वाचलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. एका लग्नासाठी हिरवा चुडा भरला होता, तेव्हा बांगड्या बँडवर आपटून तो सैल होत होता. खाली फट पडली की बाहेरचा उजेड आत जातो आणि ठोक्यांचे आकडे निरर्थक होतात. ते चार दिवस बँड उजव्या हाताला, बांगड्यांच्या वर कोपराकडे बांधला. पावलं थोडी चुकली, पण ठोके नीट आले.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटला तो आरामातल्या ठोक्यांचा आलेख. रात्री हात स्थिर असतो, बँडला चुकायला जागाच कमी राहते. मे महिन्यात माझा हा आकडा पंचाहत्तरच्या आसपास होता, आता सत्तरच्या खाली असतो. नियमित चालण्याचा एवढा स्पष्ट पुरावा मला वजनकाट्यानेही दिला नव्हता. ऑगस्टमध्ये एका रात्री तो एकदम दहाने वर गेला. मला तेव्हा अंग जरासं जड वाटत होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप भरला. शरीराचं तापमान एक अंश सेल्सियस वाढलं की ठोके साधारण आठ-दहाने वाढतात, त्यामुळे यात नवल नाही. बँडने आजार ओळखला असं मी म्हणणार नाही. डेंग्यू आहे की साधा व्हायरल हे रक्ततपासणीनेच कळलं. पण त्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि लवकर डॉक्टरकडे गेले, हे आलेखामुळे झालं.

कॅलरींचा आकडा मी स्क्रीनवरून काढूनच टाकला. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. त्यांतल्या सहांची ठोक्यांमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींमध्ये मात्र सर्वांत बरं उपकरण सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. शिवाय अ‍ॅपमधला दिवसाचा एकूण आकडा बघून हुरळून जाऊ नका. नुसतं पडून राहिलं तरी श्वास, पचन, मेंदू यांना जी ऊर्जा लागते, तीही त्यात धरलेली असते. त्या भरवशावर संध्याकाळी दोन वडापाव जास्त खाणं म्हणजे व्यायामावर पाणी.

झोपेचे एकूण तास ठीक. पण गादीवर निश्चल पडून पुस्तक वाचलं तर तेही झोपेत जमा होतं, आणि गाढ झोप, स्वप्नांची झोप ही विभागणी मी मनावर घेत नाही. ती ठरवायला प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी मोजतात. रक्तातल्या ऑक्सिजनचंही तसंच. बँडने रात्री ९१ दाखवलं की बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ येतं.

पावसाळ्याबद्दल. बँडवर ५ एटीएम लिहिलंय, म्हणजे स्थिर पाण्यात ५० मीटर खोलीइतका दाब सहन होतो. मुंबईच्या पावसाने त्याला काही झालं नाही. त्रास झाला तो स्क्रीनचा. थेंबांना ती बोट समजते, आणि एकदा चालण्याची नोंद मध्येच बंद पडली. आता पावसात निघताना आधी स्क्रीन लॉक करते. त्याहून मोठा त्रास त्वचेचा. जुलैत पट्ट्याखाली लालसर पुरळ उठलं, खाज सुटली. घाम आणि साबणाचं पाणी सिलिकॉनखाली अडकून राहतं. त्वचेच्या डॉक्टरांनी क्रीमबरोबर एवढंच सांगितलं की रोज काढून धुवायचा, मनगट कोरडं करायचं आणि झोपताना हात बदलायचा. मरीन ड्राइव्हला भरतीच्या लाटांचा तुषार अंगावर आला की घरी येऊन गोड्या पाण्याने धुतेच, नाहीतर चार्जिंगच्या पिनांवर मीठ साठतं. कापडी पट्टा घेऊन पाहिला. दमट हवेत तो वाळतच नाही आणि वास मारतो.

बॅटरी दोन आठवड्यांची म्हणतात. ठोके सतत मोजत ठेवले तर सात-आठ दिवस चालते, त्यात मला काही गैरसोय नाही. मराठी मेसेज दिसतात, जोडाक्षरं मात्र तुटतात. तासाभराने ‘उठा, हला’ म्हणून थरथरणारी सूचना बंद केली. अंधेरीला खच्चून भरलेल्या गाडीत तिचं काय करायचं?

माझा बँड बघून भावाने आईसाठी तसाच घ्यायचा म्हणून विचारलं. आई सत्तरी ओलांडलेली आहे, गुडघ्यांमुळे वॉकर धरून चालते. मी तिच्या हाताला माझा बँड बांधून सोसायटीच्या आवारात तिच्यासोबत पूर्ण फेरी मारली. तोंडाने मोजलेली पावलं दोनशेच्या वर, बँडवर तीस. दोन्ही हात वॉकरवर टेकलेले, मग झोका येणार कुठून? पायाच्या घोट्याला बांधल्यावर आकडा बराच जुळला, पण साडीत तो अडकतो आणि वाकून काढणं तिला जमत नाही. शेवटी कमरेला अडकवायचा साधा पेडोमीटर आणला. तो आई परकराच्या नाडीजवळ खोचते, आणि रात्री फोनवर मला आकडा सांगते.