कोजागिरीच्या रात्री गच्चीवर 'डॉग सोल्जर्स'

दरवर्षी आमच्या नागपूरच्या प्रतापनगरच्या गच्चीवर कोजागिरीला तेच असते, दूध आटवायचं, कच्चा चिवडा, सांबारवडी, अंताक्षरी, आणि बारा वाजेपर्यंत अर्धे लोक पेंगून राहिलेले. यंदा मी म्हटलं पौर्णिमेची रात्र आहे, सगळे जागणारच आहेत, तर पौर्णिमेचाच पिच्चर लावू. मावसभाऊ इंग्लंडहून आला तेव्हा त्याने माझ्यासाठी 'डॉग सोल्जर्स'ची डिस्क आणली होती, ती तशीच ठेवली होती. प्रोजेक्टर भाड्याने आणला, भिंतीवर पांढरी चादर ताणली, आणि चौदा जणांना १ तास ४५ मिनिटं एका जागी बसवलं. बसले का? अकरा बसले. तीन उठून गेले, कशावरून गेले ते पुढे सांगतो.

आधी पिच्चरबद्दल, कारण आपल्याकडे फार लोकांना माहीत नाही. २००२ चा ब्रिटिश हॉरर सिनेमा, पौर्णिमेला माणसाचा लांडगा होते त्या वेअरवुल्फचा, दिग्दर्शक नील मार्शलचा पहिलाच. हाच माणूस पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स'चा 'ब्लॅकवॉटर' एपिसोड करतो, तो हिरव्या आगीचा नदीतला भाग, २०१२ चा. आणि त्या सिरियलमधला सर डाव्होस, म्हणजे लिअम कनिंगहम, इथे कॅप्टन रायन आहे आणि डाव्होसच्या अगदी उलट, पहिल्या पाच मिनिटांतच त्याच्याबद्दल मनात राग बसतो. पैसा कमी होता हे सिनेमा पाहतानाच कळते. गोष्ट स्कॉटलंडच्या डोंगरातली पण शूटिंग बहुतेक लक्झेंबर्गमध्ये, फिल्म सुपर १६ ची, म्हणजे बारीक १६ मिमीची, म्हणून चित्र जरा दाणेदार दिसते. लांडगे कॉम्प्युटरचे नाहीत, माणसं सूट घालून उभी आहेत, इफेक्टचं काम बॉब कीनचं. ब्रसेल्सच्या फँटास्टिक फिल्म फेस्टिव्हलात त्या वर्षीचा गोल्डन रेव्हन पुरस्कार ह्यालाच मिळाला. तरी अमेरिकेत थिएटर मिळालं नाही, डायरेक्ट टीव्हीच्या साय-फाय चॅनलवर दाखवला. नंतर लोकांनी डीव्हीडीवर पाहून पाहून, एकमेकांना सांगून तो जिवंत ठेवला. मधल्या काळात मूळ निगेटिव्ह सापडतच नव्हती, २०१५ च्या अमेरिकन ब्लू-रेला थिएटरच्या प्रिंटवरून काम भागवावं लागलं, मग ती सापडली आणि २०२२ मध्ये सेकंड साइट कंपनीने त्यावरून ४के, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राची डिस्क काढली. माझ्याकडे तीच डिस्क आहे.

गोष्ट थोडक्यात. सहा साधे सैनिक हेलिकॉप्टरने जंगलात उतरतात, सराव आहे, बंदुकीत खोटी काडतुसं. समोर 'शत्रू' म्हणून स्पेशल फोर्सवाले. यांचं सगळं रडगाणं असं की इंग्लंड-जर्मनी फुटबॉल मॅच चुकून राहिली. रात्री शेकोटीभोवती गोष्टी चालल्या असतात आणि वरून धप्पकन मेलेली गाय आगीत येऊन पडते. सकाळी स्पेशल फोर्सचा कॅम्प सापडतो, चिंध्या झालेला, रक्तच रक्त, माणूस एकच जिवंत. तिथली खरी काडतुसं उचलून हे पळतात, गाडीवाली एक बाई भेटते, ती त्यांना रानातल्या एकट्या घरात नेते, जेवण शिजत ठेवलेलं आहे आणि घरचे लोक गायब. मग सकाळपर्यंत ते घर सांभाळायचं, एवढंच. आई म्हणाली, "हा तर चकवा आहे बाप्पा, चकव्यानेच नेलं यांना तिथे." आईला इंग्रजी सबटायटल पुरते वाचता येत नव्हते तरी तिने गोष्ट बरोबर पकडली, आणि पुढे काय होईल हेही तिने अर्ध्या तासात सांगून टाकलं, मी चेहरा सरळ ठेवून बसलो.

आता खरा माणूस, माझे मोठे काका. कामठीच्या गार्ड्स सेंटरमध्ये काढलेली पूर्ण नोकरी, सुभेदार म्हणून रिटायर. ते भुताखेताचे सिनेमे पाहतच नाहीत. दूध घ्यायला वर आले होते, ग्लास हातात घेऊन मागे उभे राहिले, दहा मिनिटांनी खुर्ची ओढली. आणि त्यांनी ज्या तऱ्हेने हा पिच्चर पाहिला त्याच्यावरून मला कळलं की तो वीस वर्षांनी पण का टिकून आहे.

काका लांडग्याकडे पाहतच नव्हते! ते पोट्ट्यांकडे पाहून राहिले होते. शेकोटी पेटवली तेव्हा चिडले, "सरावात आग काहून पेटवली बे, धूर दोन कोसावरून दिसते." पळताना एकाने घाबरून सगळी मॅगझिन रिकामी केली तेव्हा मांडीवर हात मारला. पण घरात शिरल्यावर सार्जंट जखमी पडला असताना दुसरा पोट्टा कूपर कमांड हातात घेतो, खिडक्यांना फळ्या ठोकून घेतो, खिडकीमागे एकेक माणूस लावतो, कुणाकडे किती राउंड उरले ते मोजायला लावतो, तेव्हा काका पुढे सरकून बसले आणि हळूच म्हणाले, "हां. आता बरोबर." मग पुढचा पूर्ण वेळ तेच मोजत होते. याच्याकडे एवढे उरले, त्याच्याकडे तेवढे. दार तुटायच्या आधीच त्यांना माहीत होतं की गोळ्या संपणार आहेत.

माझं म्हणणं हेच आहे, आणि मी हे मनापासून सांगून राहिलो, की हा वेअरवुल्फचा पिच्चर आहेच पण आधी तो सहा जणांचा पिच्चर आहे. ते एकमेकांना शिव्या देतात, चिडवतात, बायकापोरांच्या गोष्टी करतात, आणि ते बोलणं इतकं खरं वाटते की अर्ध्या तासात स्पून कोण, जो कोण, टेरी कोण हे तोंडपाठ होते. म्हणून एक जण कमी झाला की गच्चीवर कुणी 'ओह' म्हणत नव्हतं, सगळे गप्प होत होते. पैसा नसला की लांडगा कमी दाखवावा लागते, तर त्या दिग्दर्शकाने ती जागा माणसांनी भरली. मोठ्या बजेटच्या कितीतरी हॉरर सिनेमांत मला मरणाऱ्याचं नावसुद्धा आठवत नाही.

नावांवरून आठवलं, सार्जंटचं नाव हॅरी जी. वेल्स आहे, म्हणजे 'इन्व्हिजिबल मॅन' लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सच्या नावावरून. शॉन पर्टवी आहे त्यात, आणि सगळ्यांत भारी काम त्याचंच आहे, अर्ध्या पिच्चरमध्ये माणूस पलंगावर पडून आहे तरी.

आता ते तीन जण उठून गेले तो सीन. सार्जंटचं पोट फाटलेलं असते, आतडी बाहेर, आणि टाके घालायला काही नाही तर हे लोक चक्क सुपरग्लूने चिकटवतात. म्हणजे आपलं फेविक्विक समजा. वहिनीने तिथेच सांबारवडीची प्लेट खाली ठेवली आणि ती, तिची बहीण आणि शेजारच्या काकू खाली निघून गेल्या, परत आल्या नाहीत. राग आला नाही मला, तो सीन तसाच आहे, बराच वेळ चालते आणि कॅमेरा हटत नाही. माझा चुलतभाऊ इथल्या मेयो दवाखान्यात डॉक्टर आहे, त्याला सगळ्यांनी एकदम विचारलं की हे खरं का. तो म्हणाला त्याच जातीचा गोंद दवाखान्यात कातडीच्या जखमेला वापरतात हे खरं, पण तो वेगळा बनवलेला असते, घरातला नाही, आणि आतडी फाटली तर ऑपरेशनशिवाय काही होत नाही. लहान पोरांसमोर हे त्याने दोनदा सांगितलं ते बरं केलं.

पोरांबद्दल पण सांगतो. ब्रिटनमध्ये ह्याला १५ चं सर्टिफिकेट आहे आणि ते बरोबर आहे. माझा पुतण्या बारा वर्षांचा, मी त्याला बसू दिलं ही माझी चूक झाली. तो रक्ताला नाही घाबरला, सुरुवातीलाच कॅप्टन एका कुत्र्याला गोळी घालतो त्याच्यावर रडला. पुढे त्या घरात पण एक कुत्रा आहे, मग पूर्ण पिच्चरभर त्याचा एकच प्रश्न, "कुत्र्याला काही नाही ना होत?" ज्यांना हा प्रश्न असते त्यांनी मला मेसेज करा, मी एकट्यात सांगतो.

लांडगे कसे दिसतात? खरं सांगायचं तर उभे असताना भल्ले जबरदस्त. उंच, बारीक कमरेचे, दारात वाकून आत येतात तेव्हा त्यांच्या उंचीनेच पोटात गोळा येते. पण जवळून तोंड दाखवलं की रबर कळते, जबडा जास्त हलत नाही, आणि माणसाचा लांडगा होताना तर पिच्चर जवळजवळ पाठच फिरवते, झलक देऊन मोकळा. ज्यांना तो बदल हाडं मोडताना पाहायचा असेल त्यांनी १९८१ चा 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' पाहावा, मेकअपचं पहिलं ऑस्कर रिक बेकरला त्याच्याचसाठी मिळालं होतं. आमच्याकडे दोन मित्र याच कारणाने नाराज झाले. एकाने 'भेडिया'शी तुलना केली, म्हणे त्यात लांडगा किती खरा दिसते. दुसऱ्याला 'जुनून' आठवला, तो राहुल रॉयचा, पौर्णिमेला वाघ होते तो. मला ते पटत नाही. सूट घातलेला का असेना पण तो त्याच खोलीत उभा आहे, दार खरंच तुटून राहिलं, धूळ खरीच उडून राहिली, आणि समोरच्या नटाचा चेहरा बघा, तो कशाला तरी खरंच पाहून राहिला. कॉम्प्युटरच्या लांडग्यासमोर नट हवेकडे पाहतात ते मला लगेच दिसते. लांडग्याच्या डोळ्यांतून दाखवलेला भाग काळापांढरा केला आहे, ते साधंच आहे पण काम करते, झाडांमागून कुणीतरी बघून राहिलं हे मानेवर जाणवते.

जे नाही आवडलं ते पण लिहितो. शेवटच्या वीस मिनिटांत एक वळण आहे, ते एका माणसाच्या तोंडून घाईघाईत समजावून सांगितलं जाते, तिथे लेखन ढिलं पडलं. आईने ते आधीच ओळखलं होतं म्हणून सांगत नाही, इतरांना पण तिथे 'असं कसं' झालं. मेगनचं, म्हणजे त्या गाडीवाल्या बाईचं काम करणारी एमा क्लीस्बी चांगली आहे पण तिला बोलायला फक्त माहिती दिली आहे, पोट्ट्यांसारख्या गप्पा नाहीत. आणि भाषा! निरनिराळ्या भागांतले इंग्रज आहेत, बोलणं भराभरा, सबटायटल लावल्याशिवाय पाहू नका, आम्ही पहिली दहा मिनिटं तसंच पाहिलं आणि कुणाला काही कळलं नाही.

गच्चीवर पाहणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. हा पिच्चर फार अंधारातला आहे. जंगल रात्रीचं, घरात उजेड कमी. चौकातल्या एलईडी लाइटचा उजेड आमच्या चादरीवर येत होता आणि वरून चांदणं, सुरुवातीची वीस मिनिटं नुसते राखाडी ठिपके. मग उन्हाळ्यातली हिरवी नेट काढून रस्त्याच्या बाजूने दुहेरी बांधली तेव्हा दिसायला लागलं. प्रोजेक्टरवाल्याने दिलेलं मशीन पण कमी उजेडाचं निघालं, त्याला दोनदा सांगितलं होतं की बाहेर लावायचा आहे. घरातच अंधार करून मोठ्या टीव्हीवर पाहिला तर उत्तम. आवाज मात्र मोठा ठेवा, या सिनेमात लांडगा डोळ्यांआधी कानाला येते. एका ओरडण्यावर खालच्या गल्लीतले कुत्रे सगळे एकदम भुंकायला लागले आणि आमच्यातला एक जण खुर्चीवरून उठूनच उभा राहिला, ती मजा कुठल्या मल्टिप्लेक्समध्ये नाही मिळत.

मार्क द्यायचे तर माझे दहापैकी साडेआठ. बसलेल्या अकरापैकी आठ जणांना आवडला, दोघांना लांडगा पटला नाही, पुतण्या काही बोलतच नाही.

आणि काका. शेवटाकडे सार्जंटचा एक सीन आहे, तो मी सांगणार नाही, सांगितला तर पिच्चर पाहण्यात अर्थ नाही. त्या वेळी मी मागे वळून पाहिलं. काकांच्या हातातला दुधाचा ग्लास तसाच होता, वर जाड साय धरलेली, एक घोट पण कमी झाला नव्हता. पिच्चर संपल्यावर ते काही न बोलता खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे खाताना म्हणाले, "कामठीचे माझे दोघं जण आहेत, रविवारी येतील, ती डिस्क घेऊन ये घरी. अन् अक्षरं मोठी करता येतात का पाह्य, त्या दोघांना चष्मा आहे."