चार देवदास आणि हाताशी एकच संध्याकाळ

गमावलेल्या प्रेमाने झपाटलेल्या माणसाची गोष्ट पडद्यावर पाहायची असे मनात आले की आपल्याकडे पहिले नाव देवदासचे निघते. पंचाईत त्यानंतर सुरू होते, कारण देवदास एक नाही. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ही छोटेखानी बंगाली कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर तिच्यावर मूकपट निघाला, बोलपट निघाले, अक्किनेनी नागेश्वर राव यांना घेऊन १९५३ साली तेलुगू चित्रपटही निघाला. शरच्चंद्र मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकाला घरच्यासारखे झाले असले, तरी देवदासशी आपली ओळख बहुधा चित्रपटांतूनच झालेली असते, आणि तीही ज्या त्या पिढीच्या नटाच्या चेहऱ्याने. म्हणून येथे हिंदीतील चारच चित्रपट घेतले आहेत : प्रमथेश बरुआ यांचा १९३५ सालचा, बिमल रॉय यांचा १९५५ सालचा, संजय लीला भन्साळी यांचा २००२ सालचा आणि अनुराग कश्यप यांचा २००९ सालचा ‘देव डी’.

तुलनेला एक माप हवे. अभिनय, गाणी, भव्यता या मापांनी मोजत बसलो तर ज्याची त्याची आवड वेगळी निघेल आणि निर्णय होणार नाही. मी माप म्हणून कादंबरीतला एक प्रसंग धरतो. पार्वती, म्हणजे देवदासची बालमैत्रीण पारो, रात्री, लोकलाज बाजूला ठेवून, देवदासच्या खोलीत येते आणि लग्नाचे विचारते. तो कचरतो, वडिलांच्या धाकाने कलकत्त्याला जातो, तिला मन मोडणारे पत्र लिहितो, मग पस्तावून परत येतो. पण तोवर तिचे लग्न ठरलेले असते आणि आपल्या आईवडिलांनाही मान आहे हे ती त्याला तोंडावर सुनावते. या अपमानाने चवताळून तो तिच्या कपाळावर घाव घालतो. पुढची सगळी दारू, सगळे भटकणे आणि शेवटचा तो बैलगाडीचा प्रवास या घावातून निघतो. देवदासचे दुःख हरवल्याचे कमी आणि हातचे घालवल्याचे जास्त आहे. ज्या चित्रपटाला हे कळले त्याचा देवदास खरा वाटतो. ज्याने दोष नशिबावर, घराण्यावर किंवा वहिनीच्या कारस्थानावर ढकलला, त्याचा देवदास कितीही रडला तरी थोडा हलका पडतो.

बरुआंचा चित्रपट कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा. त्यांनी तो बंगालीत स्वतः प्रमुख भूमिका करून काढला आणि हिंदीत कुंदनलाल सैगल यांना घेतले. बरुआ स्वतः आसामातील गौरीपूरच्या राजघराण्यातले असल्यामुळे जमीनदाराच्या पोराचे रिकामपण आणि मिंधेपण त्यांना बाहेरून शिकावे लागले नसणार. सैगल अभिनय करीत आहेत असे फारसे वाटत नाही. ते बोलता बोलता गाण्यात शिरतात आणि गाणे संपले की तसेच बोलण्यात परततात. ‘दुख के अब दिन बीतत नाहीं’ ऐकताना या माणसाला दुःखातून बाहेर यायचेच नाही, त्याला त्यातच घर सापडले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटाकडे गाडीच्या डब्यात देवदास पारोच्या नावाने हाक मारतो, तिकडे पूजेचे साहित्य नेणारी पारो अडखळते आणि इकडे तो बर्थवरून खाली पडतो. दोन ठिकाणच्या दृश्यांची ही जोडणी त्या काळी नवीन होती आणि आजही अंगावर येते. मात्र या चित्रपटाची चाल मंद आहे, संवादफेक रंगभूमीची आठवण देणारी आहे, आणि जुन्या प्रतीचे धूसर चित्र व खरखरीत आवाज सोसण्याची तयारी लागते. सैगल ज्यांच्या कानात आधीपासून आहेत त्यांना हे अडणार नाही. इतरांनी याने सुरुवात करू नये.

याच हिंदी चित्रपटाचे छायाचित्रण बिमल रॉय यांनी केले होते. वीस वर्षांनी त्यांनी तीच कथा दिग्दर्शक म्हणून पुन्हा हाती घेतली, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. कॅमेऱ्यामागून एकदा पाहिलेली माणसे इतकी वर्षे त्यांच्या मनात राहिली असावीत आणि त्यांच्याविषयी आपल्याला काही वेगळे सांगायचे आहे असे त्यांना वाटले असावे, असा माझा कयास आहे. त्यांच्या चित्रपटात बालपणाला भरपूर वेळ मिळतो. पारो आणि देवदास यांच्यातली दांडगाई, रुसवा, मार आणि पुन्हा गट्टी हे सगळे आपण पाहिलेले असते, त्यामुळे पुढे मोठेपणी तो तिच्यावर हात उगारतो तेव्हा ती लहानपणचीच सवय आहे आणि तिची किंमत मात्र आता मोठ्यांच्या जगात मोजावी लागणार आहे, हे आपोआप ध्यानात येते. नव्या चित्रपटांनी बालपण आटोपते घेतले आणि त्यात हा धागा तुटला.

दिलीपकुमार यांचा देवदास आवाज चढवत नाही. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावरून घसरते, वाक्य अर्ध्यावर राहते, आणि आपण चूक केली हे त्याला इतरांच्या आधी कळलेले आहे असे सतत जाणवते. राजिंदर सिंग बेदी यांचे संवाद गाजले, दारू सोसण्यासाठी कोण पितो या अर्थाचा संवाद तर नकलाकारांनी पार झिजवून टाकला. पण तो मूळ प्रसंगात ऐकला तर त्यात मिजास नाही, स्वतःची कीव करण्याचाही कंटाळा आलेल्या माणसाचा थकवा आहे. सुचित्रा सेन यांचा हा पहिला हिंदी चित्रपट. त्यांचे हिंदी उच्चार काही ठिकाणी बंगाली वळणाचे वाटतात, पण पारोचा ताठा त्यांच्या मानेत आणि पापण्यांत आहे. वरच्या मापाने पाहता चौघींत खरी पारो हीच, कारण तिचा नकार प्रेम आटल्यामुळे आलेला नाही, प्रेम असूनही आलेला आहे, हे ती एकही अश्रू न ढाळता दाखवते.

आणखी एका दृश्यासाठी हा चित्रपट पाहावा. पार्वतीची पालखी रस्त्याने चालली आहे आणि समोरून चंद्रमुखी, देवदासवर जीव जडलेली कोठीवरची नर्तकी, पायी येते आहे. दोघी एकमेकींकडे पाहतात, पालखी पुढे जाते, कोणी कोणाला ओळख देत नाही, एक शब्द उच्चारला जात नाही. एकाच माणसाने व्यापलेल्या दोन आयुष्यांची ती एवढीच गाठ आहे. चंद्रमुखीच्या भूमिकेसाठी वैजयंतीमाला यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आपली भूमिका पार्वतीच्या तोडीची आहे असे सांगून त्यांनी तो नाकारला. चित्रपट पाहिल्यावर त्यांचा हट्ट रास्त वाटतो. सचिनदेव बर्मन आणि साहिर लुधियानवी यांची गाणी कथेच्या अंगातून येतात. तलत महमूद यांचे ‘मितवा लागी रे’ ऐकू येते तेव्हा कथा थांबत नाही, उलट थोडी पुढे सरकते.

भन्साळी यांनी याच भेटीचे काय केले ते पाहिले की दोन्ही चित्रपटांतला फरक एका फटक्यात कळतो. त्यांच्या चित्रपटात पारो दुर्गापूजेसाठी अंगणाची माती मागण्याच्या निमित्ताने स्वतः चंद्रमुखीच्या कोठीवर जाते, तिला घरच्या पूजेचे आमंत्रण देते आणि दोघी मिळून ‘डोला रे डोला’वर नाचतात. कादंबरीत अशी भेट नाही. शुद्धतेच्या आग्रहाने या दृश्यावर पुष्कळ टीका झाली, आणि एका जमीनदाराच्या घरची सून अशी नाचेल का, हा प्रश्न गैरलागू नाही. तरीही माधुरी दीक्षित आणि ऐश्वर्या राय यांचे ते नृत्य सरोज खान यांनी ज्या नजाकतीने बांधले आहे त्याला दाद द्यावीच लागते. ज्याला तर्क हवा त्याने येथे डोळे मिटावेत, ज्याला नृत्य हवे त्याने उघडे ठेवावेत.

हा चित्रपट सुमारे ५० कोटी रुपये खर्चून तयार झाला, तो कान महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवला गेला आणि त्याला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मराठी प्रेक्षकाला त्यात ओळखीची माणसे पुष्कळ भेटतात : कलादिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाई यांचे, पडद्यावर माधुरी, देवदासची आई झालेल्या स्मिता जयकर, पारोचा नवरा झालेले विजयेंद्र घाटगे, कालीबाबू झालेले मिलिंद गुणाजी. काचांचा तो वाडा आणि पाण्याकाठची कोठी या वास्तूंचा मोह पडतो. श्रेया घोषाल यांचे हिंदी चित्रपटांतील पदार्पण येथूनच झाले आणि ‘बैरी पिया’ आजही जुने वाटत नाही. देवदास परदेशात असताना पारो दहा वर्षे दिवा विझू देत नाही, ही कल्पना मूळ कथेतली नाही, पण झपाटलेपणाचे याहून सुबक चित्र दुसरे सुचणे कठीण आहे. फक्त झपाटणे येथे देवदासकडून पारोकडे गेले आहे, हे लक्षात ठेवावे.

माझी तक्रार दुसरीच आहे. शाहरुख खान यांचा देवदास लंडनहून शिकून येतो, आणि त्याचे व पारोचे लग्न मोडते ते मुख्यतः घरातल्या बायकांच्या डावपेचांमुळे आणि किरण खेर यांनी साकारलेल्या पारोच्या आईचा भर सभेत झालेल्या अपमानामुळे. त्याचे पत्र आणि त्याचा भ्याडपणा चित्रपटात आहेत, पण एवढ्या मोठ्या कौटुंबिक नाट्यात ते झाकले जातात. मग तो दारू का पितो, याचे उत्तर ‘त्याच्यावर अन्याय झाला म्हणून’ असे होऊन बसते, आणि अन्याय झालेल्या माणसाविषयी कणव वाटली तरी त्याच्या मनात डोकावण्याची गरज राहत नाही. घाव घालण्याचा प्रसंगही दागिन्याने होतो आणि तो इतका देखणा चित्रित केला आहे की त्यातला क्रूरपणा मागे पडतो. शेवटचे दृश्य मात्र पकड घेते : मोठे फाटक, धावणारी पारो, झाडाखाली पडलेला तो, आणि मिटत जाणारी दारे.

‘देव डी’ त्या दागिन्याची चमक पार काढून टाकतो. कथा पंजाबात सुरू होऊन दिल्लीच्या पहाडगंजातल्या निऑन दिव्यांत येते. देव अफवेवर विश्वास ठेवून पारोचा अपमान करतो, ती दुसऱ्याशी लग्न करते आणि सुखाने राहू लागते. त्याला मात्र ते सहन होत नाही. माही गिल यांची पारो नंतर एकदा त्याच्या खोलीवर येते, पसारा आवरते, कपडे धुते आणि त्याच्या हाती न लागता निघून जाते. कादंबरीतला तो ताठ नकार सुचित्रा सेन यांच्यानंतर मला एवढ्या स्पष्टपणे येथेच भेटला, आणि हे मी आधी अपेक्षिले नव्हते. कल्की केकलाँ यांची चंदा, म्हणजे येथली चंद्रमुखी, २००२ सालचा ‘देवदास’ पाहून स्वतःसाठी नाव निवडते, म्हणजे आधीचा चित्रपट या चित्रपटातल्या माणसांनीही पाहिलेला आहे. अभय देओल देवला जराही सहानुभूती मागत नाहीत. अमित त्रिवेदी यांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारी अठरा गाणी पात्रांच्या तोंडी क्वचितच येतात, बहुतेक वेळा पार्श्वभूमीला वाजत राहून देवची टिंगल करतात. आणि शेवटी देव मरत नाही. तो चंदाबरोबर निघून जातो. काहींना ही तडजोड वाटते. मला वाटते, पारोच्या दारात जाऊन मरणे ही देवदासची शेवटची मिजास होती आणि कश्यप यांनी ती त्याला करू दिली नाही. उत्तरार्धात चित्रपट नशेच्या दृश्यांत थोडा रेंगाळतो, आणि तो केवळ प्रौढांसाठी असल्यामुळे घरातल्या सगळ्यांसोबत बसून पाहण्याचा नाही.

आता निवड. एकच पाहायचा असेल तर बिमल रॉय यांचा पाहावा. तो अडीच तासांहून थोडाच मोठा आहे आणि कृष्णधवल असूनही पहिल्या वीस मिनिटांनंतर रंगांची आठवण होत नाही. ज्यांनी भन्साळींचा चित्रपट पाहिला आहे आणि देवदास म्हणजे तोच असे ज्यांच्या मनात ठसले आहे, त्यांनी पुढचा म्हणून ‘देव डी’ घेतला तर अधिक मजा येईल, कारण दोघांतले अंतर सर्वांत मोठे आहे. १९५५ सालचा मग त्यानंतर पाहावा. घरात तीन पिढ्या एकत्र बसणार असतील आणि तीन तासांहून अधिक वेळ हाताशी असेल तर भन्साळीच योग्य, त्यात आजींना गाणी आणि नातवंडांना दिवे मिळतील. नुकताच ज्याचा प्रेमभंग झाला आहे अशा मित्रासाठी कोणी विचारत असेल तर सैगल आणि दिलीपकुमार या दोघांनाही तूर्त दूर ठेवावे, कारण ते दोघे दुःखाला फार गोड करतात. त्याला ‘देव डी’ दाखवावा आणि पारो कपडे धुऊन निघून जाते त्या दृश्यात शेजारी बसावे.