पर्ल कूसकूस: घरी झकास, ट्रेकवर तयारीनिशी

काही महिने नियमित वापरल्यावर मत पक्कं झालं आहे: घरच्या डब्यात पर्ल कूसकूस जरूर ठेवा, पण ट्रेकच्या सॅकमध्ये कोरडा पुडा तसाच टाकू नका.

मुळात हा गव्हाच्या पिठाचे गोल दाणे पाडून भाजलेला पास्ता. १९५० च्या दशकात इस्रायलमध्ये तांदळाचा तुटवडा असताना भाताला पर्याय म्हणून तो निघाला. पास्ता असल्यामुळे बारीक कूसकूससारखं (म्हणजे रव्याच्या बारीक दाण्यांसारखं) नुसतं उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकलं, तर दाणा बाहेरून चिकट आणि आत कच्चा राहतो. ग्लूटेन टाळणाऱ्यांच्या तर हा कामाचाच नाही.

घरी एक कप दाण्यांना सव्वा कप पाणी पुरतं. आधी चमचाभर तेलात मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं परता. दाणे बदामी झाले की खमंगपणा येतो, शिवाय तेलाचा हात लागल्याने ते एकमेकांना कमी चिकटतात. मग उकळतं पाणी आणि मीठ घाला. सगळं पाणी आतच मुरतं, म्हणून मीठ बेतानेच. झाकण ठेवून मंद आचेवर आठ ते दहा मिनिटं, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच. सारखं ढवळू नका, पिठूळपणा सुटून लगदा होतो. सॅलडसाठी हवा असेल तर भरपूर पाण्यात पास्त्यासारखा उकडा, निथळा आणि ताटात पसरून गार करा. फ्रिजमधला उरलेला कूसकूस ढेकूळ होऊन बसतो. दोन चमचे पाणी शिंपडून झाकून गरम केला की सुटा होतो.

ट्रेकवर खरी अडचण इंधनाची. दहा मिनिटं उकळायचं म्हणजे गॅस बराच जातो. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, ३००० मीटरवर साधारण ९० अंशांना, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. पातळ टायटॅनियमच्या भांड्यात मध्यभागी हमखास करपतो. तिथे कपाला दीड कप पाणी घ्या, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका (फेस उतू जाऊन बर्नर विझतो), चार-पाच मिनिटं उकळा आणि झाकणासकट जाकिटात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा. आच बंद केल्यावरच गुंडाळायचं, हे सांगायला नको.

याहून चांगली युक्ती म्हणजे घरीच तेल न घालता शिजवून डिहायड्रेटरमध्ये (अन्न वाळवायच्या यंत्रात) ५७ अंशांवर, दाणे कडक होईपर्यंत वाळवणं. तेल नको, कारण ते खवट होतं. कॅम्पवर दाणे बुडून वर बोटभर राहील इतकं उकळतं पाणी ओता आणि दहा-बारा मिनिटं झाका. तेल, चीज, सुके टोमॅटो वेगळ्या पुडीत न्या आणि शेवटी मिसळा. भुकेल्या माणसाला कोरडे दाणे शंभर ग्रॅमच्या आसपास धरा. ऐंशीत पोट भरत नाही.

एवढा खटाटोप नको असेल, तर ट्रेकला बारीक कूसकूसच न्या.