मनगटाचा पट्टा, एक इंजेक्शन आणि बाकीचे उपाय: आठेक महिन्यांनंतर

मला कार्पल टनेल सिंड्रोम आहे, म्हणजे मनगटात नस दबून बोटांना मुंग्या येतात. त्यावर लावायचा मनगटाचा पट्टा रात्रीच्या झोपेसाठी उत्तम. दिवसाच्या कामासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाकीचं सविस्तर लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मी शोधलं तेव्हा ‘छान आहे, आराम पडला’ यापलीकडे कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही.

मी कोल्हापुरात घरीच ब्लाउज शिवते. कात्री, हातशिलाई, हुक-काजं, वर घरची कणीक आणि भाकरी, म्हणजे उजव्या हाताला सुट्टी अशी नाहीच. गेल्या उन्हाळ्यापासून अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत होत्या. रात्री दोन-तीनच्या सुमारास हात बधिर होऊन जाग यायची, उठून जोरात झटकला की जरा बरं वाटायचं. आमच्या गल्लीत याचं निदान ठरलेलं आहे: मानेचा मणका. दोघीजणी तर गळ्यात कॉलर घालून फिरतायत.

माझ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो करंगळीचा. करंगळीला मुंग्या येतात का? येत नव्हत्या. मनगटाची हाडं आणि त्यांच्यावरून आडवा गेलेला जाड अस्थिबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) त्यातून जातात आणि त्यांच्याच गर्दीत मीडियन नावाची नस. अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्या भागापर्यंतची जाणीव या नसेकडे असते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून मनगटात दाब पडला तर करंगळी शाबूत राहते. मग दोन्ही मनगटं खाली वाकवून मिनिटभर धरायला लावली, ती फालेनची तपासणी. अर्धा मिनिट व्हायच्या आत बोटं भरून आली.

एनसीव्ही ही नसेची तपासणी करून घ्या, टाळू नका. नसेवर बारीक विजेचे झटके देऊन ती किती वेगाने निरोप पोचवते ते मोजतात. सुखाचं नाही, पण सहन होतं. मला दोनेक हजार पडले. रिपोर्टमध्ये उजवा हात मध्यम, डावा सौम्य. पट्टा लावत बसायचं की नाही हे या रिपोर्टवर ठरतं. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट व्हायला लागला असेल, चिमटीतून वस्तू निसटत असतील, बधिरपणा दिवसभर जातच नसेल, तर पट्ट्यांचे असले अनुभव वाचण्यात वेळ घालवू नका, हाताच्या सर्जनला भेटा. दबलेली नस फार काळ दबून राहिली की ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असं नसतं.

आता पट्टा. मेडिकलमध्ये ‘रिस्ट स्प्लिंट’ किंवा ‘कॉक-अप स्प्लिंट’ मागितलं की मिळतो, माझा पाचशेच्या आत आला. तळहाताच्या बाजूला खिशात धातूची एक पट्टी असते आणि वरून वेल्क्रोचे बंद. सगळी गोम या धातूच्या पट्टीत आहे. तयार पट्ट्यांमध्ये ती बऱ्याचदा मनगट मागे झुकवणारी असते, कारण हे पट्टे मुरगळण्यापासून फ्रॅक्चरनंतरच्या आधारापर्यंत सगळ्यालाच विकले जातात. आपल्या दुखण्याला मनगट सरळ हवं. १९८१ मध्ये अमेरिकेत गेलबर्मन आणि सहकाऱ्यांनी बोगद्यात बारीक नळी घालून आतला दाब मोजला होता. निरोगी मनगटात सरळ ठेवल्यावर तो सरासरी अडीच मिलिमीटर पारा, तर आजारी मनगटात ३२. आजारी मनगट पुढे वाकवलं की ९४ आणि मागे वाकवलं की ११०. म्हणजे मागे झुकवणारा पट्टा इमानेइतबारे रोज लावला, तरी ज्या दाबापासून पळायचं तोच आपण पैसे देऊन बांधून घेतोय. फिजिओथेरपिस्टने माझी पट्टी बाहेर काढली, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली आणि परत खिशात सरकवली. एवढ्याशा गोष्टीने जो फरक पडला, तो त्याआधीच्या सगळ्या मलमांनी मिळून पडला नव्हता.

पहिला आठवडा चिडचिडीचा गेला. झोपेत मी तो काढून फेकायचे आणि सकाळी तो पायाशी सापडायचा. मग सवय झाली. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जाग येणं कमी झालं, महिन्याभरात बहुतेक रात्री सलग झोप. पट्ट्याची पुढची कड तळहाताच्या वरच्या रेषेच्या अलीकडे थांबते ना ते बघा, बोटं मुळापासून मोकळी वाकली पाहिजेत. बंद आवळायचे नाहीत, सैलसरच ठेवायचे. घट्ट बांधला तर बाहेरून दाब देऊन आपणच रोग वाढवतो. वेल्क्रोला गोधडीचे धागे चिकटतात आणि दोन-तीन महिन्यांत त्याची पकड जाते. पावसाळ्यात घामाने वास मारतो. पट्टी काढून हाताने धुवायचा आणि पंख्याखाली वाळवायचा, त्यामुळे जमलं तर दोन घ्या. बांगड्यांचंही सांगते. पट्ट्याखाली बांगड्या रुततात, म्हणून मी रात्री काढून ठेवायला लागले. ऐन श्रावणात हात मोकळा बघून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “माझ्या पण बोटांना मुंग्या येतात गं, दाखवू का?”

दिवसा पट्टा लावून शिवता येत नाही. मी प्रयत्न केला. मनगट अडकलं की खांदा काम करायला लागतो आणि संध्याकाळी खांदा ठणकतो.

पण सगळं श्रेय मी पट्ट्याला देणार नाही. डॉक्टरांनी सुरुवातीलाच साखर आणि थायरॉईड तपासायला सांगितलं होतं. साखर ठीक निघाली, टीएसएच (थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक) मात्र बराच वाढलेला होता. थायरॉईड मंद असेल, मधुमेह असेल, संधिवात असेल किंवा बाई गरोदर असेल, तर बोगद्यात सूज किंवा पाणी साठून हाच त्रास होतो. थायरॉईडची गोळी आणि पट्टा माझे साधारण एकाच वेळी सुरू झाले. कुणामुळे किती, हे मला वेगळं काढता येणार नाही आणि तुमचा पट्टा ‘चालला’ की नाही हे ठरवताना तुम्हीही हे विसरू नका. वैद्यकीय प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये पट्ट्यावरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले, तर पुरावा कच्चाच निघाला. रात्री लावल्याने जास्त जणांना एकूण बरं वाटत असावं, याच्या पुढे ते जात नाहीत. स्वस्त आहे, धोका नाही, म्हणून आधी हा, एवढंच त्याचं समर्थन. मला ते पुरेसं वाटलं.

दसऱ्याच्या आधी मी इंजेक्शन घेतलं. दिवाळीची शिलाई समोर होती आणि दिवसाची बधिरता काही हटत नव्हती. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण हे मनगटात एका जागी देतात. सुई जाताना कळ येते आणि दोन दिवस जागा दुखते. आठवड्याभरात हात इतका हलका झाला की मी कात्री उगीच चालवून बघत होते. हे किती दिवस टिकतं? माझं संक्रांतीच्या आसपास ओसरायला लागलं. इंग्लंडमधल्या एका मोठ्या प्रयोगात (२०१८, लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक) सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या २३४ जणांपैकी काहींना एक इंजेक्शन दिलं, बाकीच्यांना रात्रीचा पट्टा. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे होते, सहा महिन्यांनी दोघे सारखेच. स्वीडनमधला २०१३ चा प्रयोग आणखी डोळे उघडतो. पट्ट्याने बरं न वाटलेल्या १११ जणांना इंजेक्शन किंवा नुसतं औषधाविना द्रावण दिलं. वर्षभरात ८० मिलिग्रॅम स्टिरॉइड दिलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना तरीही ऑपरेशन करावं लागलं, द्रावणवाल्यांपैकी ९२ टक्क्यांना. तेव्हा इंजेक्शन म्हणजे हंगाम काढून देणारं औषध. माझा हंगाम निघाला, तक्रार नाही. मधुमेह असेल तर आधी सांगा, काही दिवस साखर चढते.

योगाचं मी जरा संशयानेच वाचायला घेतलं आणि निघालं आपल्या पुण्याचंच. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीच्या आसनांवर अमेरिकेत ४२ जणांचा प्रयोग झाला होता, १९९८ मध्ये जामा या नियतकालिकात आलेला. आठवडे आठ, आठवड्यातून दोनदा. आसनं करणाऱ्यांची पकड वाढली, दुखणं कमी झालं, पण झोपमोड आणि नसेचा वेग यांत पट्टा दिलेल्यांपेक्षा फरक पडला नाही. माझा अनुभव अगदी तसाच. सकाळी खांदे आणि छाती उघडणारे ताण केले की दिवसभर हात कमी भरून येतो, रात्रीसाठी मात्र पट्टाच लागतो. तळहात जमिनीवर दाबून मनगटावर भार देणारी आसनं मी सोडली.

बाकीचं भराभर. मशीनने शेक घेतला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. बोटं क्रमाने मिटण्या-उघडण्याचे व्यायाम करते, फुकट आहेत, म्हणून. चुंबकाचं कडं नणंदेने दिलं होतं, ते परत केलं. बी-६ च्या गोळ्या कुणी सुचवल्या तर जपून: या दुखण्यात त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि मोठ्या मात्रेत बराच काळ घेतल्या तर त्यानेच नसा बिघडतात. बी-१२ कमी असेल तर जरूर भरून काढा, पण तो वेगळा आजार आहे.

कामात केलेले बदल मात्र टिकले. हुक आणि हातशिलाई शेजारच्या मुलीला देते, तेवढे पैसे कमी मिळतात. कात्रीला दर महिन्याला धार लावून घेते, कारण बोथट कात्रीत सगळा जोर अंगठ्यावर येतो. भाकरी थापते, कणीक मात्र मुलगा मळतो. गाडीवर लांब जात नाही; रेस पिळून धरलेली मूठ, मागे झुकलेलं मनगट आणि वर रस्त्याची थरथर, तिन्ही एकदम येतं.

आज स्थिती अशी: रात्री आठवड्यातून एखादी जाग, तीही पट्टा लावायचा कंटाळा केला तर. तर्जनीच्या टोकाला थोडा बधिरपणा कायम आहे, बारीक सुईत दोरा ओवताना कळतो. पुढच्या महिन्यात पुन्हा एनसीव्ही आहे. वेग आणखी उतरला असेल तर तुळशीच्या लग्नाआधी ऑपरेशन उरकायचं, असं डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. दुसरं इंजेक्शन मी घेणार नाही. डाव्या हातासाठी नवा पट्टा आणलाय. डाव्या-उजव्याचे वेगळे येतात, घेताना सांगावं लागतं, आणि याचीही पट्टी मागे वाकलेलीच होती.