रेशीम शेडमधला तापमान-आर्द्रता कंट्रोलर: सहा बॅचनंतरचा अनुभव

रेशीम अळ्या वाढवायचं आमचं शेड आधी कसं आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका, ५० बाय २० फुटांचं शेड, वर पत्रा, पत्र्यावर शेडनेट. आत दोन ओळी रॅक, प्रत्येकी चार कप्पे. बॅच २०० अंडीपुंजांची (एका मादी पतंगाची अंडी म्हणजे एक पुंज), फांदी पद्धत, म्हणजे तुतीचा पाला फांदीसकट टाकायचा. चॉकी सेंटरवरून (लहान अळ्या वाढवून देणारं केंद्र) दुसरा मोल्ट, म्हणजे दुसऱ्यांदा कात टाकणं, पास झालेल्या अळ्या येतात, त्यामुळे पहिल्या दोन अवस्थांची २७-२८ अंश आणि ८५-९० टक्के आर्द्रतेची कसरत इथे करावी लागत नाही. सप्टेंबर ते जून, म्हणजे पावसाचा शेवट, थंडी आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू यंत्राने पाहिले.

यंत्र म्हणजे काय? प्रोग्राम चालवणारा ईएसपी-३२ बोर्ड, तापमान-आर्द्रता मोजणारे एसएचटी-३१ सेन्सर दोन, वेळेसाठी बटण-सेलवर चालणारं घड्याळ मॉड्यूल, नोंदीसाठी मेमरी कार्ड, मिस्ड कॉल द्यायला सिमचं मॉड्यूल आणि चार रिले (बोर्डाच्या हुकमाने चालू-बंद होणारे स्विच). रिलेवर फॉगरचा (पाण्याचं धुकं मारणारी नोझल) अर्धा एचपीचा पंप, दोन एक्झॉस्ट फॅन, हीटर आणि भोंगा. तयार पेटीही बाजारात मिळते, पण विकत घेताना एक गोष्ट आधी विचारा: दर पाच मिनिटांची नोंद साठवून ठेवते का? फक्त चालू आकडा दाखवणारं यंत्र अर्ध्याच कामाचं.

कारण सगळ्यात मोठा फायदा स्वयंचलित फॉगरचा झाला नाही, नोंदीचा झाला. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे माणूस पाला टाकताना बघतो, म्हणजे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. डिसेंबरच्या नोंदीत दिसलं की संध्याकाळी आठला २५ अंश असलेलं शेड पहाटे चार ते साडेसहाच्या दरम्यान १६-१७ वर जातं आणि नऊपर्यंत पुन्हा २३ ला येतं. सकाळी आठला बघणाऱ्याला 'जरा गार आहे' एवढंच वाटतं. तिकडे अळी तीन-चार तास खातच नाही, बेडवर (कप्प्यातला अळ्या-पाल्याचा थर) पाला शिल्लक राहतो, एकाच बेडवर काही अळ्या मोल्टला बसतात आणि काही खात राहतात. मागे-पुढे झालेली बॅच चंद्रिकेवर (अळी जिच्यावर कोष बांधते ती जाळी) जाईपर्यंत सुधारत नाही. थंडीत 'अळी एकसारखी नाही' ही तक्रार बऱ्याचदा चॉकीवर ढकलली जाते. आधी पहाटेचा आलेख बघावा.

आकडे अवस्थेप्रमाणे बदलावे लागतात. तिसऱ्या अवस्थेत २६ अंश आणि ८० टक्के, चौथ्यात २५ आणि ७०-७५, पाचव्यात २४-२५ आणि ६५-७०. मोल्टला बसल्यावर पाला बंद, चुना भुरभुरायचा, आर्द्रता ७० च्या खाली ठेवायची आणि हवा खेळती. कोष बांधताना ६०-६५. आर्द्रता एवढी महत्त्वाची का, तर मुख्य कारण पाला आहे. कोरड्या हवेत फांदीवरचा पाला दोन-तीन तासांत मलूल होतो आणि पाचव्या अवस्थेतली अळी, जी एकूण पाल्याच्या ८० टक्क्यांहून जास्त पाला एकटी खाते, तो सोडून देते. उलट बाजूला जास्त ओल आणि गारवा एकत्र आले की मस्कार्डिन हा बुरशीचा रोग. म्हणून पेटीत 'तिसरी, चौथी, मोल्ट, पाचवी, चंद्रिका' अशी पाच बटणं किंवा पाच मोड असावेत. एकच आकडा लावून महिनाभर सोडून द्यायचं यंत्र इथे चालत नाही.

सेन्सर कुठे लावायचा, यावर सगळं अवलंबून आहे. पेटीच्या आत लावलेला सेन्सर बोर्डाच्या उष्णतेने दोन-तीन अंश जास्त दाखवतो आणि त्यामुळे आर्द्रता कमी दाखवतो. बरेच तयार कंट्रोलर याच चुकीने बदनाम झालेत. एक सेन्सर दुसऱ्या कप्प्यात बेडपासून वीतभर वर, दुसरा सगळ्यात वरच्या कप्प्यात. दारापासून, खिडकीपासून आणि फॉगरच्या नोझलपासून किमान पाच-सहा फूट लांब. मार्चनंतर दुपारी वरच्या आणि खालच्या कप्प्यात तीन अंशांपर्यंत फरक दिसला. पत्र्याची धग वरच्या अळीला किती लागते ते तेव्हाच कळतं. सेन्सरवर बारीक जाळीची टोपी हवी, नाहीतर पाली आणि मुंग्या आत जातात.

चुना हा सेन्सरचा खरा शत्रू. भुरभुरताना धूळ जाळीत बसते आणि आर्द्रतेचा आकडा उशिरा हलायला लागतो. फॉगर बंद होऊन दहा मिनिटं झाली तरी आकडा चढतच राहिला, तर जाळी चोंदली असं समजा. मऊ ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. ब्लीचिंगने शेड निर्जंतुक करताना सेन्सर काढून घरी न्या. क्लोरीनच्या वाफेने आर्द्रतेचा सेन्सर कायमचा चुकीचा दाखवू शकतो. सुरुवातीला स्वस्त म्हणून एक डीएचटी-२२ सेन्सर लावला होता. पाच महिन्यांनी तो आठ-नऊ टक्के जास्त दाखवायला लागला. जास्त दाखवणं घातकच, कारण फॉगर सुरूच होत नाही आणि पाला वाळत राहतो. डीएचटी-११ तर या कामाला घेऊच नका, त्याचा कारखान्यातूनच दोन अंश आणि पाच टक्के फरक मान्य असतो.

तपासणी घरच्या मिठाने होते. घट्ट झाकणाच्या डब्यात बाटलीच्या बुचात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, वर पाणी तरंगायला नको. सेन्सर मिठाला न टेकता डब्यात लटकवा, वायरीच्या फटीला एम-सील लावा आणि दहा-बारा तास सावलीत ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला पाहिजे. ७८ आला तर प्रोग्राममध्ये तीन वजा करा. ८२ च्या पुढे गेला तर सेन्सर बदला. प्रत्येक बॅचच्या आधी एवढं केलं की पुढचे पंचवीस दिवस आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

आता फॉगर. पहिल्या बॅचमध्ये नोझल रॅकच्या बरोबर वर लावले होते आणि ती चूक होती. वरच्या कप्प्यातला बेड ओला झाला, ओला पाला खाऊन अळ्या फ्लॅचरी रोगाने गेल्या. नोझल मधल्या वाटेवर आणि भिंतीकडेच्या वाटांवर हवेत, रॅकवर नाही. दाब चार बार मिळाला पाहिजे. तीनच्या खाली गेला की धुकं न होता थेंब पडतात. नोझल गळती-रोधक घ्या, साधे नोझल पंप बंद झाल्यावर मिनिटभर ठिबकतात. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत नोझलच्या तोंडावर पांढरा थर जमतो. ते काढून लिंबू-सत्त्वाच्या पाण्यात रात्रभर टाकायचे. टाचणीने टोकरू नका, भोक मोठं होतं आणि धुकं संपतं.

फॉगर सलग चालवायचा नाही. २० सेकंद चालू, तीन मिनिटं बंद, मग पुन्हा आकडा बघून ठरवायचं. सेन्सरला हवा पोचायला वेळ लागतो. तो ७० दाखवेपर्यंत पंप चालू ठेवला तर खरी आर्द्रता ८५ झालेली असते. दुसरी गडबड थंडीत होते. हीटर सुरू झाला की हवा कोरडी पडते, मग फॉगर सुरू होतो, त्याने गारवा येतो, पुन्हा हीटर. रात्रभर हा खेळ चालला तर वीज जाते आणि अळीला काहीच मिळत नाही. उपाय प्रोग्राममध्ये आहे: चालू आणि बंद होण्याच्या आकड्यांत तापमानाचं किमान एक अंशाचं आणि आर्द्रतेचं पाच टक्क्यांचं अंतर ठेवा आणि हीटर चालू असताना फॉगरला दहा मिनिटांची बंदी घाला. कोळशाची शेगडी मात्र बंद शेडमध्ये नकोच, यंत्र असो वा नसो. तिचा वायू अळीला आणि माणसालाही घातक आहे.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हेच यंत्र वेगवेगळं वागतं, आणि इथेच अनेकांची निराशा होते. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४१ अंश आणि १८ टक्के आर्द्रता असते तेव्हा ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचा पारा २२-२३ दाखवतो, म्हणजे पाण्याच्या वाफेने थंडावा मिळवायला भरपूर वाव आहे. फॉगर आणि एक्झॉस्ट मिळून शेड ३० च्या आसपास आलं. सप्टेंबरमध्ये २९ अंश आणि ८५ टक्के असताना तोच पारा २७ दाखवतो. अशा हवेत धुकं मारून फार तर दोन अंश उतरतात आणि बेडवर बुरशीला आमंत्रण मिळतं. पावसाळ्यात फॉगरचा स्विच हातानेच बंद ठेवा, फक्त एक्झॉस्ट यंत्रावर सोडा. एक्झॉस्टच्या तोंडाला बाहेरून बारीक जाळी विसरू नका, फॅन बंद असताना अळीवर अंडी घालणारी उझी माशी तिथूनच आत येते. ती जाळी चुन्याने भरते, दर आठवड्याला झाडावी लागते, नाहीतर फॅन फिरतो आणि हवा हलत नाही.

कोष बांधण्याचे तीन दिवस एक्झॉस्टने सगळ्यात जास्त कमाई केली. चंद्रिकेवर चढण्याआधी अळी अंगातलं पाणी बाहेर टाकते. ४०-५० अळ्यांचा प्रश्न नसतो, २०० अंडीपुंजांच्या अळ्या लाखाच्या घरात जातात. त्या रात्री खिडक्या बंद असताना आर्द्रता ८० च्या वर गेल्याचं नोंदीत दिसलं. अशा हवेत बांधलेल्या कोषाचा धागा नीट सुटत नाही, आणि जालन्याच्या काय किंवा रामनगरच्या काय, बाजारात भाव त्यावरच ठरतो. चंद्रिका मोडवर एक्झॉस्ट ६५ टक्क्यांना सुरू होईल असं लावल्यावर डागी कोष डोळ्यांना दिसण्याइतके कमी झाले.

विजेचं म्हणाल तर शेतीच्या लाईटवर हे यंत्र चालणार नाही, ठरलेल्या तासांपुरत्याच येणाऱ्या लाईटवर भरवसा काय ठेवणार? सिंगल फेज लागतेच आणि सोबत इन्व्हर्टर. १५० एएचची बॅटरी कंट्रोलर आणि एका एक्झॉस्टला रात्रभर पुरली. हीटर त्यावर टाकू नका. पंप थेट रिलेवर जोडू नका. निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी मोटर सुरू होतानाचा झटका मोठा असतो, संपर्क चिकटतात आणि पंप बंदच होत नाही. रिलेने कॉन्टॅक्टर (मोटरचा भार पेलणारा मोठा स्विच) चालवा, कॉन्टॅक्टरने पंप.

सिमचं मॉड्यूल एसआयएम-८०० जातीचं असेल तर ते फक्त टू-जीवर चालतं, त्यात जिओचं सिम घालून उपयोग नाही. कॉल लावताना ते क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. मोबाईलच्या साध्या चार्जरवर ते बंद पडून पुन्हा सुरू होत राहतं आणि लोक नेटवर्कला दोष देतात. वेगळा चार व्होल्टचा पुरवठा आणि जवळ एक मोठा कपॅसिटर लावला की थांबतं. इशारा मेसेजने नको, मिस्ड कॉलनेच हवा. पहाटे चारला मेसेज कोण वाचतं?

पैसे कमी असतील तर क्रम असा धरा: आधी सेन्सर, नोंद आणि कॉल, मग एक्झॉस्ट, मग हीटर, फॉगर शेवटी. शेडमध्ये जुना ओल्या-कोरड्या पाऱ्याचा थर्मामीटर राहू द्या, त्याची वात आठवड्याला बदला. आणि एक जास्तीचा एसएचटी-३१, एक रिले, चार नोझल आणि घड्याळाचा बटण-सेल डब्यात भरून शेडमध्येच ठेवा. अळ्या चंद्रिकेवर असताना रात्री सेन्सर गेला, तर दुकान उघडेपर्यंत थांबायला वेळ नसतो.