फ्रेड वेबसाईट : मंदी-महागाईत मतदार का फिरतो ते ग्राफवर बघायचं असेल तर

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत कोण महागाईने हरलं, कोण बेकारीने हरलं यावरच्या चर्चा ऐकून डोकं उठलं असेल तर फ्रेड उघडा. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची शाखा) आकडेवारीची साईट आहे, एकदम फुकट, ग्राफ बघायला लॉगिन पण लागत नाही. बेकारीचा ग्राफ काढला की १९४८ पासूनची महिन्या-महिन्याची लाईन येते आणि मंदीचा काळ राखाडी पट्ट्यांनी दाखवलेला असतो.

मजा अशी की 'बेकारी जास्त तर सत्ताधारी हरतो' असे पाठ केलेले नियम इथं पटापट मोडतात. ऑक्टोबर १९८४ ला बेकारी ७.४ टक्के आणि तेव्हाचे अध्यक्ष रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. ऑक्टोबर १९९२ ला ७.३, म्हणजे जवळपास तेवढीच, आणि अध्यक्ष असलेले थोरले बुश घरी! कर्सर जरा मागे नेला की कळतं, रेगनची लाईन १९८२ च्या १०.८ वरून उतरत आलेली, बुशची १९९० च्या मध्यावर ५.२ होती तिथून चढलेली. राखाडी पट्टा तर मार्च १९९१ लाच संपलेला, पण मंदी कागदावर संपली म्हणून ज्याची नोकरी गेली त्याला काय त्याचं.

माझं सगळ्यात आवडतं फीचर म्हणजे एडिट ग्राफमधलं युनिट्स. महागाईचा ग्राफ घ्या आणि 'वर्षभरापूर्वीच्या तुलनेत टक्के' लावा, जून २०२२ ला ९.१ चं शिखर दिसतं आणि ऑक्टोबर २०२४ पर्यंत २.६ वर घसरण, वाटतं सत्ताधारी पक्ष आरामात निघेल. आता युनिट बदलून नुसता निर्देशांक, म्हणजे किमतींची पातळीच, लावा, लाईन खाली येतच नाही, जानेवारी २०२१ पेक्षा सुमारे २० टक्के वर जाऊन बसलेली. अर्थतज्ज्ञ पहिला ग्राफ बघत होते, लोक दुसरा जगत होते, सत्तेतल्या डेमोक्रॅट्सना ते चांगलंच महागात पडलं.

कमी काय, तर मतांचे आकडे आणि निवडणुकीचे सर्व्हे इथं नाहीत, तो या साईटचा धंदाच नाही म्हणा. त्यामुळे १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ही बडी गुंतवणूक बँक बुडाली, त्याच दिवशी रिपब्लिकन उमेदवार मॅकेन अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे म्हणाले आणि महिन्याच्या सुरुवातीला काही सर्व्हेत पुढे असलेला माणूस मागे पडला, हे बघायला दुसरीकडेच जावं लागतं. शिवाय तेच आकडे बघून रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट मतदार उलटसुलट बोलतात, निवडणुकीत सत्ता बदलली की रातोरात दोघांचे मूड पण अदलाबदल होतात, ते या साईटवरच्या सगळ्या देशाच्या सरासरी आकड्यांत दिसत नाही.

पाचपैकी साडेचार स्टार. एक टीप, मिशिगन विद्यापीठाचा ग्राहकांच्या मूडचा आकडा इथं एक महिना उशिरा टाकतात, मतदानाच्या तोंडावर ताजा हवा असेल तर थेट त्यांच्याच साईटवर बघा.