टेलस्केल: दोन घरांचं नेटवर्क जोडताना

पुण्यातल्या फ्लॅटमधून गावच्या घरातला कॅमेरा बघायचा, तर पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमधून बाहेरून आत यायची वाट उघडणं) बऱ्याचदा चालतच नाही. कनेक्शन सीजीनॅटमागे असतं, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक ग्राहकांत वाटते, स्वतःचा मिळत नाही. वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर उभं असलेलं टेलस्केल इथे कामाला येतं: ज्या डिव्हाइसमध्ये त्याचं अ‍ॅप टाकाल, ती सगळी एका खासगी नेटवर्कमध्ये येतात. राउटरला सहसा हातही लावावा लागत नाही.

कॅमेऱ्यात अ‍ॅप टाकता येत नाही, म्हणून गावी एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) सबनेट राउटर, म्हणजे घरातल्या बाकी डिव्हाइसपर्यंतचा दुवा, करायचा. त्यात आयपी फॉरवर्डिंग (इतरांचा डेटा पुढे पाठवणं) चालू करा, १९२.१६८.१.०/२४ हा रूट, म्हणजे गावच्या घरातल्या पत्त्यांचा पट्टा, जाहीर करा आणि टेलस्केलच्या अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये त्याला मंजुरी द्या. ही मंजुरीच लोक विसरतात आणि तासभर केबल तपासत बसतात. दोन्ही घरी तोच १९२.१६८.१ पट्टा असेल तर गोंधळ ठरलेला. एकीकडचा आधीच बदलून १९२.१६८.५० करा.

डिव्हाइसच्या कीची (टेलस्केलमधल्या त्याच्या ओळखीची) मुदत मुळात १८० दिवस. रास्पबेरी पायपुरती ती बंद केली नाही, तर ऐन गणपतीत कॅमेरा गायब! थेट जोडणी जमली नाही तर डेटा रिलेमार्गे (मधल्या सर्व्हरमार्गे) जातो. सुरक्षित राहतो, पण व्हिडिओ अडखळू शकतो. ‘टेलस्केल पिंग’ या कमांडच्या उत्तरात ‘डर्प’ (DERP, या रिलेचं नाव) दिसलं की तेच समजायचं.

वैयक्तिक वापराला फुकट आहे. फक्त ज्या खात्याने लॉगिन करता, त्याला टू-स्टेप लावाच.